सोयरसुतक नसलेले बेट

‘त्याला कशाचेही सोयरसुतक नाही’ असे आपण एखाद्या बेफिकीर माणसाबद्दल बोलतो, तेव्हा त्या शब्दाची फोड करून पाहण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यावर पाळायचे अशौच आणि सुतक म्हणजे घरातले माणूस गेल्यावर पाळायचे. (संस्कृतात ‘सूतक’ हा शब्द मुळात जन्माशीच निगडित होता, मराठीत येईपर्यंत तो मृत्यूच्या बाजूला सरकला. हा प्रवासही विचार करण्यासारखा आहे.) ज्याला तुमच्या घरच्या जन्माचा विटाळ नाही आणि मरणाचाही नाही, तो तुमचा कोणी नाही, इतके सरळ गणित ह्या वाक्प्रचारात आहे. अशौचाची सगळी भाषा शुद्धीची असली, तरी ते मोजते नातेच.

हा शब्द माझ्या डोक्यात घोळू लागला तो ग्रीसमधल्या एका बेटामुळे. इजियन समुद्रात, मिकोनोसच्या जवळ, डेलॉस नावाचे एक खडकाळ बेट आहे. लांबी सुमारे पाच किलोमीटर, क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत, आणि त्यावरचा ‘पर्वत’ किंथोस जेमतेम ११२ मीटर उंच. प्राचीन ग्रीकांच्या दृष्टीने ते अपोलोचे जन्मस्थान, म्हणून परमपवित्र. ह्या बेटावर इ.स.पू. ४२६च्या हिवाळ्यात एक नियम लागू झाला: येथे ह्यापुढे कोणी जन्माला यायचे नाही आणि कोणी मरायचे नाही. दिवस भरत आलेल्या बायकांना आणि मरणाला टेकलेल्या माणसांना होडीत घालून समोरच्या रिनिया बेटावर न्यायचे. सोयर नाही, सुतक नाही. आपल्या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ राबवणारे बेट.

हा नियम ज्या बेटावर आला त्याची मूळ कथा नेमकी एका बाळंतपणाची आहे, आणि म्हणून तो मला अधिकच टोचतो.

होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी अपोलोचे स्तोत्र साधारणपणे इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातले मानतात. ते होमरने रचलेले नाही ह्याविषयी आज फारसे दुमत नाही. थ्युसिडिडीससारखा कठोर इतिहासकार मात्र ते होमरचेच समजून साक्षीला काढतो. स्तोत्रात लेटो झ्यूसपासून गरोदर आहे आणि हेराच्या रोषामुळे तिला कोठे थारा मिळत नाही. बेटांची, डोंगरांची, नगरांची लांबलचक यादी कवी देतो. ही सगळी ठिकाणे तिला पाहून थरथर कापतात. एकटे डेलॉस तिच्याशी बोलते. ह्या संवादात भक्तिभावाचा गोडवा फारसा नाही. एक निराधार बाई आणि एक नापीक जमीन आपापली गरज पुढे ठेवून सौदा करतात. लेटो म्हणते ते थोडक्यात असे: तुझ्याकडे दुसरे कोणी येणार नाही, तुझ्यात गुरे पोसली जात नाहीत की द्राक्षे पिकत नाहीत, माझ्या मुलाचे देऊळ झाले तर जगभरचे लोक बळी घेऊन येतील आणि परक्यांच्या हातून तुझ्या लोकांचे पोट भरेल. डेलॉसला हे पटते, पण भीती वाटते. हा मुलगा फार उद्दाम निघणार असे त्याच्या कानावर आहे. जन्मल्यावर माझी खडकाळ माती पाहून त्याने मला लाथेने समुद्रात बुडवले आणि तो दुसरीकडे निघून गेला तर? मग माझ्या अंगावर ऑक्टोपस आणि काळे सील घर करतील. म्हणून ते लेटोकडून शपथ मागते, आणि लेटो स्टिक्स नदीची, म्हणजे देवांनाही मोडता न येणारी, शपथ घेते.

ह्या भीतीपाशी मी दर वेळी थबकते. देव यायच्या आधीच त्या भूमीला कळलेले आहे की पावित्र्य आले म्हणजे आपले भले होईलच असे नाही. पवित्र करणारा आपल्याला पायाखाली घालूही शकतो. एवढी सावध भूमी दुसऱ्या कुठल्या स्थळपुराणात मला भेटलेली नाही.

पुढे प्रसूतीचे वर्णन आहे. नऊ दिवस, नऊ रात्री वेणा चालतात. रिआ, थेमिस, अँफिट्रायटी अशा देवी भोवती जमलेल्या आहेत. हेरा नाही, आणि प्रसूतीची देवी एलेइथिया हिला हेराने ऑलिंपसवर अडकवून ठेवले आहे. शेवटी ह्या बायका इरिसला निरोप घेऊन पाठवतात, आणि सोबत नऊ हात लांबीच्या हाराचे आमिषही देतात. सुईण यायला लाच द्यावी लागते, हा तपशील कोणा पुरुष कवीला निव्वळ कल्पनेतून सुचला असेल असे मला वाटत नाही. एलेइथियाचे पाऊल बेटावर पडते. लेटो तेथल्या ताडाला मिठी मारते, मऊ गवतावर गुडघे टेकते, आणि तिच्याखाली भूमी हसते. रा. चिं. ढेरे ह्यांचे ‘लज्जागौरी’ वाचलेल्या मराठी वाचकाला प्रसवणारा देह आणि भूमी ह्यांचे हे साहचर्य नवे वाटणार नाही. डेलॉसचे पावित्र्य ह्या क्षणातून आलेले आहे. रक्त, घाम, ओरडा, भोवती बायकांचा घोळका, अशा त्या जागेतून.

तो ताड पुढे साहित्यात शिरला. ‘ओडिसी’च्या सहाव्या सर्गात, समुद्राने किनाऱ्यावर फेकलेला उघडावाघडा ओडिसियस नॉसिकेला पाहतो आणि तिला डेलॉसवर अपोलोच्या वेदीपाशी पाहिलेल्या ताडाच्या कोवळ्या रोपाची उपमा देतो. आश्रय मागणाऱ्याच्या तोंडी नेमके डेलॉस यावे, हे मला सहज घडलेले वाटत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसने ह्याच कथेवर स्वतंत्र स्तोत्र लिहिले. त्यात हे बेट आधी समुद्रात मोकळे भटकणारे आहे आणि त्याचे नाव अॅस्टेरिया आहे. झ्यूसपासून पळताना ताऱ्यासारखी समुद्रात उडी घेतलेली ही मुलगी, एका भटक्या गरोदर बाईला थारा दिल्यावर मुळे धरून स्थिर होते. कॅलिमॅकस दरबारी कवी होता, त्यामुळे त्याचा अपोलो आईच्या पोटातूनच टॉलेमी राजाचे भविष्य वर्तवतो आणि आईला कॉस बेटावर प्रसूत होऊ नकोस असे सांगतो, कारण ती जागा राजासाठी राखीव आहे! हा भाग मला कधी रुचला नाही. पण निराश्रित स्त्रीला आसरा देणारे बेटही एक निराश्रित स्त्रीच आहे, ही त्याची कल्पना मोठी आहे.

आता इतिहासाकडे. इ.स.पू. ४७८-४७७मध्ये अथेन्सने इराणविरोधी संघ स्थापला, त्याचा खजिना डेलॉसवर ठेवला. ४५४मध्ये तो अथेन्सला हलवला. देव बेटावर राहिला, पैसा गेला. ४३०पासून अथेन्समध्ये महामारीने थैमान घातले, आणि ४२६च्या हिवाळ्यात, कुठल्याशा देववाणीचा आधार घेऊन, अथेन्सने डेलॉसचे शुद्धीकरण केले. त्याआधी सहाव्या शतकात पिसिस्ट्रॅटस ह्या सत्ताधीशाने देवळातून दिसेल तेवढ्या परिसरातली थडगी काढली होती, म्हणजे तेव्हाची शुद्धता देवाच्या नजरेच्या टप्प्यापुरती होती. आता सगळ्या बेटावरची थडगी उकरून अस्थी आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू रिनियावर नेण्यात आल्या. थ्युसिडिडीस हे सांगतो आणि लगेच जुन्या उत्सवाच्या पुनरुज्जीवनाकडे वळतो. उकरलेल्या थडग्यांचा उल्लेख त्याने दुसऱ्या एका ठिकाणी केला आहे, तोही पुरावा म्हणून: त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे शस्त्रांवरून आणि पुरण्याच्या पद्धतीवरून कॅरियन, म्हणजे आशिया मायनरकडची, असल्याचे ओळखू आले. पुरातत्त्वाच्या इतिहासात हा उतारा मानाने सांगितला जातो. ज्यांचे पूर्वज उकरले गेले, त्या डेलॉसवासीयांना काय वाटले, ह्याविषयी एक अक्षर नाही.

ग्रीकांची ‘मिआस्मा’ची कल्पना आणि आपले अशौच ह्या दोहोंत पुष्कळ साम्य आहे. जन्म, मृत्यू आणि रक्त ह्यांचा विटाळ, देवळापासून काही दिवस दूर राहणे, मग स्नान. आपल्याकडे सुतकात देवाची पूजा बंद असते, तसेच काहीसे. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या फरकात आहे. अशौच हे काळाने संपते. तीन दिवस, दहा दिवस, आणि मग माणूस पुन्हा आपल्या जागी येतो. डेलॉसवर विटाळ काळातून काढून जागेत घातला गेला. म्हणजे तो संपायची सोयच राहिली नाही. जन्मणारा आणि मरणारा ह्यांनाच जागा उरली नाही.

येथे एक खाजगी गोष्ट सांगते. माझी आई गेली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी हिशेब मांडला: भावाला दहा दिवसांचे सुतक आणि मला, लग्न झालेल्या मुलीला, तीन. कोणी वाईट हेतूने बोलले नाही. शास्त्रात तसे आहे आणि ते मला माहीतही होते. तीन दिवसांनी सासरच्या एका काकूंनी अगदी मायेने सांगितले, ‘तू आता मोकळी झालीस गं, देवाला दिवा लाव.’ मी लावला. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत त्या घरात एकटी मी शुद्ध होते. आयुष्यभर मासिक पाळीच्या आणि बाळंतपणाच्या विटाळाचा मनस्वी राग केलेल्या मला त्या सात दिवसांत विटाळ हवासा वाटला होता, हे कोणाला सांगता येण्याजोगे नव्हते. शुद्ध असणे म्हणजे परके असणे, हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

त्यामुळे पुढे डेलॉसवासीयांचे जे झाले ते वाचताना मला नवल वाटले नाही. इ.स.पू. ४२२मध्ये, शुद्धीकरणाला चार वर्षे होतात न होतात तोच, अथेन्सने ठरवले की थडगी काढूनही काम अपुरेच राहिले आहे, कारण कुठल्या तरी जुन्या अपराधामुळे ही माणसेच अशुद्ध आहेत. सगळ्या रहिवाशांना बेटावरून हाकलण्यात आले. फार्नेसिस ह्या इराणी क्षत्रपाने त्यांना आशिया मायनरमधल्या अॅड्रॅमिटियन येथे जागा दिली. पुढच्याच वर्षी, युद्धातली अपयशे आणि डेल्फीची देववाणी ह्यांच्या धाकाने, अथेन्सने त्यांना परत आणले. तेवढ्या काळात, किंवा मागे राहिलेल्यांपैकी, त्यांतल्या प्रमुख माणसांना एका इराणी अधिकाऱ्याने लढाईच्या निमित्ताने बोलावून घेतले आणि जेवत असताना वेढून ठार मारले. थ्युसिडिडीसने हेही दोन ओळींत आटोपले आहे.

आधी थडगी, मग माणसे, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्या त्या मातीत नाहीत आणि पुढची पिढी तेथे जन्मणार नाही, त्यांना उठवणे सोपे जाते. प्लुटार्कने संग्रहित केलेल्या स्पार्टन वचनांत ह्याचाच एक प्रसंग आहे. डेलॉसवासी अथेन्सविरुद्ध आपला हक्क सांगत होते आणि ओघात म्हणाले की आमच्याकडे नियमच असा आहे, बेटावर कोणी प्रसूत होत नाही आणि कोणाला पुरतही नाहीत. त्यावर पॉसेनियस नावाच्या स्पार्टनाने विचारले, की मग जेथे तुमच्यापैकी कोणी झाले नाही आणि कोणी उरणारही नाही, ती तुमची मायभूमी कशी? स्पार्टन हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून हे वचन जपले गेले. मला त्यात हसू येत नाही. ज्या नियमाने बेट पवित्र ठेवले त्याच नियमाचा आधार घेऊन त्यांचा हक्क नाकारला गेला, आणि तो नियम त्यांनी केलेलाही नव्हता. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात हा तंटा पुन्हा उभा राहिला, तेव्हा अथेन्सच्या बाजूने हायपराइडीस हा वक्ता बोलला. त्याच्या भाषणाचे आज तुकडेच उरले आहेत. त्यांवरून दिसते की लेटोने आपला कंबरपट्टा अॅटिकाच्या किनाऱ्यावर झॉस्टर येथे सोडला, आणि मग ती डेलॉसला गेली, असा मुद्दा त्याने मांडला होता. म्हणजे वेणा आमच्या हद्दीत सुरू झाल्या! पुराणकथेला वकीलपत्र दिले की ती काय काय बोलते, हे पाहण्यासारखे असते.

प्लेटोच्या वाचकांना डेलॉस आणखी एका प्रसंगातून ठाऊक आहे. इ.स.पू. ३९९मध्ये सॉक्रेटिसला शिक्षा झाली, पण आदल्याच दिवशी डेलॉसच्या वार्षिक यात्रेच्या जहाजाचा मागचा भाग फुलांनी सजवला गेला होता. ते जाऊन परत येईपर्यंत नगर शुद्ध ठेवायचे, म्हणजे कोणाचाही सरकारी वध करायचा नाही. झेनोफन सांगतो की ही मुदत ३० दिवसांची झाली. वर्गात ‘फीडो’ शिकवताना मुले विचारतात, ते जहाज तेथे कशाला हवे होते? शुद्धतेच्या ह्या सगळ्या इतिहासात माणसाच्या पदरात काही पडले असेल तर ते हे: समुद्रावरचा वारा उलटा वाहिला म्हणून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला मित्रांशी बोलायला मिळालेले काही जास्तीचे दिवस.

डेलॉस आणि रिनिया ह्यांच्यामधली सामुद्रधुनी अरुंद आहे. निसियस ह्या श्रीमंत अथेनियन सेनापतीने एकदा तिच्यावर रातोरात पूल उभारला. भाग अथेन्सहून बनवूनच आणले होते, सोन्याचा मुलामा, फुलांच्या माळा, भरजरी पडदे, आणि पहाटे त्यावरून गाणाऱ्यांची मिरवणूक. त्याने अपोलोला काशाचा ताडही वाहिला. पुढे वाऱ्याने तो कोसळला आणि नॅक्सोसकरांनी उभारलेल्या भव्य मूर्तीवर पडून तीही आडवी झाली, असे प्लुटार्क नोंदवतो. मी ते वर्णन वाचते तेव्हा मला पूल आठवत नाही, होडी आठवते. त्याच पाण्यावरून उलट्या दिशेने, कळा सुरू झालेल्या बायका जात होत्या. इजियनमध्ये वारा सुटला की भल्याभल्या नावा बंदरात थांबतात. त्या होड्यांत किती जणींनी मध्येच मूल टाकले असेल, आणि त्याची जात शुद्ध धरली गेली की अशुद्ध, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मग रोमनांचा काळ आला. इ.स.पू. १६६मध्ये रोमने डेलॉस पुन्हा अथेन्सच्या हवाली केले, ते करमुक्त बंदर केले, आणि उरल्यासुरल्या डेलॉसवासीयांना पुन्हा एकदा, आणि ह्या खेपेला कायमचे, बेटाबाहेर काढले. बेट भरभराटीला आले. इटालियन, सीरियन, इजिप्शियन, ज्यू व्यापारी आले. मोझाइकने मढवलेल्या फरशांची घरे उठली. स्ट्राबो लिहितो की येथे एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकून रवाना करता येत. आकडा फुगवलेला असेल असे अनेक अभ्यासक मानतात. फुगवलेला असला तरी बाजार होता. आणि तोच स्ट्राबो दुसऱ्या जागी सांगतो की पावित्र्यासाठी ह्या बेटावर प्रेत पुरता वा जाळता येत नाही आणि कुत्राही पाळता येत नाही. बाळंतीण चालत नाही, प्रेत चालत नाही, कुत्रा चालत नाही. साखळीतला माणूस चालतो. विक्रीचा माल कोणाचाच सोयरा नसल्यामुळे त्याचा विटाळही नसावा.

इ.स.पू. ८८मध्ये मिथ्रिडेटीसच्या सैन्याने बेट लुटले, पुरुष कापले, बायकामुले विकली. ६९मध्ये समुद्री चाचे आले. त्यानंतर बेट सावरले नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस (हा प्रवासवर्णनकार, वरचा स्पार्टन नव्हे) लिहितो की अथेन्सचे पहारेकरी काढून घेतले तर तेथे माणूस उरणार नाही. १८७३पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तेथे उत्खनन करत आहेत. ज्या तळ्याकाठी अपोलो जन्मला असे मानत, ते पवित्र तळे १९२५मध्ये हिवतापाच्या भीतीने बुजवले गेले. त्या खळग्यात आता एक ताड लावलेला आहे. १९९०मध्ये बेट जागतिक वारसास्थळ झाले. रात्री तेथे पहारेकरी आणि संशोधक सोडून कोणाला राहता येत नाही. नियमाचे कारण बदलले, नियम राहिला.

मी ते बेट पाहिले आहे. मिकोनोसहून सकाळच्या बोटीने गेले होते. नॅक्सोसकरांचे संगमरवरी सिंह पाहून (मूळ सिंह आता संग्रहालयात आहेत, रांगेत उभ्या आहेत त्या प्रतिकृती) मी आर्टेमिसच्या देवळामागची एक लहानशी गोलसर जागा शोधत गेले. हिरोडोटस सांगतो की दूर उत्तरेच्या हायपरबोरियन देशातून आलेल्या मुली डेलॉसवरच वारल्या. दोघींच्या थडग्यावर बेटावरच्या मुली लग्नाआधी आपल्या केसांची बट चातीला गुंडाळून वाहत असत. आर्गी आणि ओपिस ह्या दुसऱ्या दोघींचे थडगे आर्टेमिसच्या देवळामागे होते. सारे बेट उकरले गेले तेव्हा ही थडगी मात्र राखली गेली, असे उत्खननावरून दिसते. लेटोच्या प्रसूतीशी ह्या परक्या मुलींचा संबंध जोडलेला होता. बायकांनी केस आणून वाहिले, नावे घेऊन गाणी म्हटली, म्हणून ती थडगी अशुद्ध ठरवायची कोणाची छाती झाली नसावी.

नंतर किंथोसवर चढले. वारा इतका होता की टोपी हातात धरावी लागली. पश्चिमेला रिनिया अगदी हाताशी असल्यासारखे दिसते: डेलॉसहून मोठे, बुटके, तपकिरी. तेथल्या ज्या खड्ड्यात ४२६च्या अस्थी आणि भांडी एकत्र टाकली होती तो १८९८मध्ये सापडला. त्यातली भांडी मिकोनोसच्या संग्रहालयात मांडलेली आहेत. पुढच्या शतकांतल्या मृतांचे कोरीव दगडही तेथलेच. त्यांतल्या बऱ्याच दगडांवर एकच दृश्य आहे. एक बाई खुर्चीवर बसली आहे, समोर कोणीतरी उभे आहे, आणि दोघांनी एकमेकांचा उजवा हात हातात धरला आहे. गेलेले कोण आणि राहिलेले कोण, हे पुष्कळदा ओळखता येत नाही. मी त्या संग्रहालयात दुसऱ्या दिवशी गेले आणि बंद होईपर्यंत त्या दगडांपाशीच होते.